लांब केस कधी बांधावेत, कधी मोकळे सोडावेत: वाढत्या केसांची टोकं आणि मुळं जपण्यासाठी

केस वाढवायला घेतले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे केस सतत बांधून ठेवा, मोकळे सोडले की तुटतात. दुसरा अगदी उलटा: मोकळे सोडा, सारखे बांधले की गळतात. दोन्ही सल्ले देणारी माणसं अनुभवाचंच बोलत असतात, कारण मोकळ्या केसांचं नुकसान टोकाशी होतं आणि बांधलेल्या केसांचं मुळाशी. म्हणून ‘बांधू की सोडू’ याचं एकच कायमचं उत्तर नाही. केसांची लांबी किती, ते ओले आहेत की कोरडे, दिवस कुठे जाणार आहे आणि काल ते कसे बांधले होते, यावर आजचं उत्तर ठरतं. ते ठरवायचं कसं, आणि बांधायचे तर नेमके कसे बांधायचे, ते इथे क्रमाने सांगते.

आधी केसाचा हिशेब

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. ही वाढ त्वचेखाली, मुळाशी होते. वेणी घातली म्हणून तिचा वेग वाढत नाही आणि केस मोकळे सोडून मुळांना ‘हवा’ दिली म्हणूनही वाढत नाही, कारण मुळाला लागणारं सगळं रक्तातून मिळतं. एक केस साधारण दोन ते सहा-सात वर्षं वाढत राहतो, मग काही महिने नुसता जागेवर राहतो आणि गळून त्याच जागी नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणं या चक्रात धरलेलंच आहे.

त्वचेबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. आत केराटिनचा गाभा आणि त्यावर पारदर्शक खवल्यांचे थर, कौलांसारखे एकमेकांवर बसलेले. या आवरणाला क्युटिकल म्हणतात. घासून घासून खवले उडाले की गाभा उघडा पडतो आणि केसाला फाटा फुटतो. त्वचेवरची जखम भरते तशी ही भरत नाही. कंडिशनर किंवा तेल लावून केस गुळगुळीत होतात, घर्षण कमी होतं, पण फुटलेला फाटा पुन्हा जुळत नाही.

कमरेपर्यंत पोचलेल्या केसाचं टोक पाचेक वर्षांचं असतं. पाच वर्षांचं धुणं, विंचरणं, ऊन आणि कपड्यांवर घासणं त्या टोकाने सोसलेलं असतं, तर त्याच केसाचा मुळाजवळचा भाग गेल्या महिन्यातला असतो. ‘माझे केस एका लांबीवर अडलेत’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा वाढ थांबलेली नसते. वर जेवढं वाढतं तेवढंच खाली तुटत असतं.

तुमचं तसं होतंय का, हे घरच्या घरी बघता येतं. आठवडाभर कंगव्यात आणि जमिनीवर पडलेले केस गोळा करा आणि विरोधी रंगाच्या कापडावर पसरा. पूर्ण लांबीचा केस, एका टोकाला बारीकसा पांढुरका गोळा, म्हणजे तो मुळापासून आपल्या वेळेला गळलेला. आखूड तुकडा आणि दोन्ही टोकांना गोळा नाही, म्हणजे तो मधेच तुटलेला. तुकडे जास्त दिसले तर टोकांकडे लक्ष द्या, केस अधिक वेळ बांधून ठेवा. तुकडे कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेने, मुळाजवळच तुटलेले दिसत असतील तर घट्ट बांधणं हाच संशयित.

लांबीप्रमाणे धोका बदलतो

हनुवटीपासून खांद्यापर्यंतचा टप्पा सगळ्यात कटकटीचा. टोकं नेमकी खांद्यावर टेकतात, प्रत्येक हालचालीला कॉलरवर घासतात आणि बाहेर वळतात. अंबाडा होत नाही, वेणी धड टिकत नाही. अशा वेळी सगळे केस एकाच रबरात कोंबायचा हट्ट धरू नका. मानेवरचे आखूड केस त्या रबरापर्यंत पोचतात ते ताणूनच. वरचे अर्धे केस सैल मागे घेऊन छोट्या चापात अडकवा आणि खालचे दोन भाग करून हलका पीळ देऊन आकड्यांनी मानेलगत बसवा. लोकरी कपडे घालायच्या दिवसांत तर हे कराच, लोकरीचा खरखरीतपणा टोकांना फार बाधतो.

खांद्याखालून पाठीच्या मध्यापर्यंत केस आले की शत्रू बदलतात: बॅगेचा पट्टा, गाडीतला सीटबेल्ट, खुर्चीची पाठ. पट्टा खांद्यावर घेताना केस खाली अडकतात आणि मान वळवली की पाच-दहा केस एका झटक्यात तुटतात. इथून पुढे मात्र वेणी आणि अंबाडा दोन्ही सहज जमतात.

कमरेखाली गेल्यावर वजनाचा प्रश्न येतो. बसताना केस अंगाखाली सापडतात, चेनमध्ये अडकतात, दारात सापडतात. बांधणं गरजेचंच होतं, पण आता पोनीटेल ही वाईट निवड ठरते, कारण सगळं वजन एका बिंदूवर लोंबकळतं.

बांधण्याआधी गुंता काढणं

बहुतेक तूट केस बांधून ठेवल्याने होत नाही, बांधायच्या आधी घाईने विंचरताना होते. कंगवा रुंद दातांचा घ्या. केसांची एक बट मुठीत धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जाणार नाही. आधी शेवटची चार बोटं लांबी विंचरा, ती मोकळी झाली की त्याच्या वरची, मग त्याच्याही वरची. वरून खाली एकदम कंगवा ओढला तर सगळे छोटे गुंते खाली ढकलले जाऊन त्यांची एक गाठ होते. गाठ सापडली तर कंगवा बाजूला ठेवून बोटांनी सोडवा, कोरडीच असेल तर थेंबभर तेल लावा.

सरळ आणि किंचित लाटेरी केस कोरडे किंवा जवळजवळ कोरडे झाल्यावर विंचरावेत. कुरळ्या केसांचं उलटं: ते कोरडे विंचरले की तुटतात, म्हणून धुताना कंडिशनर लावून ओले असतानाच बोटांनी किंवा रुंद कंगव्याने सोडवायचे. कुरळ्या केसांची प्रत्येक वळणाची जागा नाजूक असते, शिवाय एकाच केसाची स्वतःशीच गाठ बसते. अशा केसांना मोकळं सोडण्यापेक्षा मोठे-मोठे सैल पीळ किंवा वेण्या घालून ठेवणं जास्त मानवतं.

टिकणारी पण न ओढणारी वेणी

वेणी हा माझ्या मते लांब केसांसाठी सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे. केस एकमेकांशी समांतर राहतात, वाऱ्याने गुंता होत नाही आणि सगळं वजन एका ठिकाणी येत नाही.

केस मानेपाशी, नैसर्गिकपणे जिथे पडतात तिथे गोळा करा. तीन पेड करा. पहिले दोन-तीन वळसे मुद्दाम सैल ठेवा, घट्टपणा मानेच्या खाली गेल्यावर द्या. पुष्कळजण याच्या उलट करतात, कवटीलगत करकचून आवळतात आणि खाली सोडून देतात. खाली येताना पेडांचा ताण सारखा ठेवा, नाहीतर एका पेडातले केस बाहेर येऊन फुगे दिसतात आणि तेच आधी घासतात. केस पातळ होत जाऊन वेणी बोटाएवढी बारीक झाली की तिथेच थांबा. अगदी शेवटच्या केसापर्यंत वेणी ओढू नका, टोकाच्या विरळ केसांवर रबर बसला की तिथेच ते तुटतात.

आता परीक्षा. भुवया उंच करा, हनुवटी छातीला लावा, मान दोन्ही बाजूंना वळवा. कुठेही त्वचा ओढल्यासारखी वाटली तर तिथे बोटाने केस किंचित सैल करा. कानाच्या मागे आणि मानेच्या केसांच्या रेषेवर ही ओढ हमखास सापडते.

वेणी खाली सोडली की तिचा झुपका तरीही कपड्यांवर घासत राहतो, याचा विसर पडतो. घरातून बाहेर दिवसभर राहायचं असेल तर वेणी वर दुमडून टोक मुळाशी आत सरकवा आणि आकड्याने अडकवा, किंवा वेणीचाच अंबाडा घाला. केस टप्प्याटप्प्याने कापलेले असतील, म्हणजे आखूड-लांब थर असतील, तर तिपेडी वेणीतून बारीक टोकं बाहेर येत राहतात. अशा केसांना चौपेडी किंवा पाचपेडी घट्ट विणीची वेणी बरी, किंवा दोन पेडांना एकाच दिशेने पीळ देऊन ते उलट्या दिशेने एकमेकांवर गुंडाळलेली दोरवेणी.

काडीचा अंबाडा

टोकं पूर्ण लपवायची असतील तर अंबाड्याला पर्याय नाही. आणि अंबाडा रबराशिवाय, एका गुळगुळीत काडीवर बसतो. शिकायला थोडे दिवस जातात, पण एकदा हात बसला की अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

केस जिथे अंबाडा हवा तिथे एका मुठीत धरा. एकाच दिशेने पीळ द्या. पीळ पुरेसा झाला की केस आपोआप स्वतःभोवती वळू लागतात, त्यांना वळू द्या आणि गुंडाळी डोक्यालगत चपटी बसवत जा. टोक शेवटी गुंडाळीच्या खाली सरकवा, ते बाहेर राहिलं तर सगळ्याचा हेतूच गेला. आता एका हाताने गुंडाळी धरून काडीचं टोक गुंडाळीच्या कडेतून बाहेरच्या बाजूला काढा, म्हणजे गुंडाळीचा थोडासा बाहेरचा थर काडीवर येईल. त्याच टोकाने शेजारचे डोक्यावरचे थोडे केस उचला. मग काडी उलटी करा, तिचं टोक अंबाड्याच्या दिशेला आणा आणि डोक्याला घसटत, गुंडाळीच्या पोटातून दुसऱ्या कडेला बाहेर काढा. उलटवताना जो ताण निर्माण होतो तोच अंबाडा धरून ठेवतो. सुरुवातीला काडी टोचते किंवा अंबाडा तासाभरात घसरतो. टोचत असेल तर डोक्यावरचे फार केस उचलले गेलेत, घसरत असेल तर कमी.

केस कमरेपर्यंत किंवा त्याखाली असतील तर आधी वेणी, मग तिची गुंडाळी, असं करा. नुसत्या पिळाचा अंबाडा इतक्या लांबीला जड आणि फुगीर होतो. फार जड वाटत असेल तर दोन वेण्या घालून त्या मानेवर आडव्या बांधा, वजन दोन जागी वाटलं जातं.

अंबाड्याची जागा रोज बदला. आज मानेवर, उद्या जरा वर, परवा एका बाजूला. एकाच जागी महिनोन् महिने बांधलं की त्याच मुळांवर ताण येतो आणि बाहेरच्या थरात तेच केस येत राहून ऊनही त्यांनाच लागतं. गुंडाळीची दिशाही अधूनमधून उलटी करा.

कशाने बांधावं

उघडा रबरबँड केसांना कधीही लावू नका. तो केसाला चिकटतो आणि काढताना खवल्यांसकट ओढून घेतो. कापडात गुंडाळलेला रबर चालेल, पण त्याचा जोड धातूच्या पट्टीने दाबलेला नसावा. सॅटिनच्या चुणीदार कापडाचा जाड रबर सगळ्यात सौम्य. दोन वेढ्यांत बसत असेल तर तिसरा घालू नका.

प्लास्टिकच्या काड्या आणि क्लचर घेताना बोटाच्या पेराने कडा चाचपून बघा. साच्याची शिवण हाताला लागली तर ती केसाला करवतीसारखी लागणार. लाकडी काडीला कूस निघाली असेल तर बारीक सॅंडपेपरने घासून घ्या. केसांतल्या पिनांच्या टोकांवरचे गोळे निघून गेले की त्या पिना टाकून द्या. क्लचर चांगला, फक्त गाडीत किंवा खुर्चीत मागे टेकून बसताना तो डोक्यात रुततो. गाडीत बसताना तर डोक्यामागचा अंबाडाही नको. तो सीटच्या डोकेटेकणीवर अडतो आणि मान पुढे ढकलली जाते, अपघातात हे धोक्याचं आहे. वेणी खांद्यावरून पुढे घ्या. हेल्मेटचंही तसंच: अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून खाली मानेपाशी सैल वेणी घालून मगच हेल्मेट घाला.

ओले केस

पाण्याने केसाच्या आतले काही बंध तात्पुरते सुटतात. केस फुगतो, सहज ताणला जातो आणि त्या अवस्थेत ओढला तर कायमचा दुबळा होतो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात, म्हणूनच ओल्या केसांना रबर लावला की त्याची खूण केस वाळल्यावर तशीच राहते. धुतल्यावर केस जुन्या मऊ सुती कापडात दहा-पंधरा मिनिटं गुंडाळा, चोळू नका, मग मोकळे सोडा. मोकळं सोडायची खरी वेळ हीच.

ओला अंबाडा घालून घराबाहेर पडायची सवय मोडाच. जाड केस आतून दिवसभर ओले राहतात, वास येतो, डोकं खाजतं, कोंडा असलेल्यांचा त्रास वाढतो. वेळच नसेल तर सैल वेणी घाला. दमट राहिले तरी ती अंबाड्यापेक्षा लवकर वाळते. पोहायला जाताना मात्र उलटा क्रम: आधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा, थोडं कंडिशनर लावा, सैल वेणी घालून टोपी घाला. आधीच पाणी प्यायलेल्या केसांत क्लोरीनचं पाणी कमी शिरतं.

मोकळे सोडायचे ते कसे

केस मोकळे सोडण्यात काही गैर नाही. मुळांना विश्रांती हवीच, आणि लांब केस वाढवायचे ते दिसू नयेत म्हणून थोडेच. मोकळे सोडायचे दिवस मात्र निवडून घ्या: वारा कमी, कपडा गुळगुळीत, खांद्यावर बॅग नाही. आधी टोकांना दोन-तीन थेंब तेल तळहातावर चोळून लावा. खुर्चीत टेकताना केस पुढे घ्या. दिवसात दोनदा बोटांनी खालून वर गुंता सोडवा, संध्याकाळी एकदम सोडवायला घेतला तर निम्मे तुटतील. कडक उन्हात डोक्यावर टोपी किंवा सैल ओढणी घ्या. अतिनील किरणांनी केसांतली प्रथिनं आणि रंग दोन्ही झिजतात, आणि भांगावरची त्वचाही भाजते.

विस्तव किंवा फिरतं यंत्र जवळ असेल तर विचारसुद्धा करू नका, केस बांधा आणि टोक आत खोचा.

रात्री

झोपेत आपण कूस बदलत राहतो आणि केस अंगाखाली सापडतात. खांद्याखाली लांबी असेल तर एक किंवा दोन सैल वेण्या, शेवटी मऊ रबर. फार लांब केसांना डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला सैल अंबाडा घालून वर सॅटिनची टोपी घालणं सोयीचं पडतं, त्यावर डोकं टेकत नाही. सुती उशीपेक्षा सॅटिन किंवा रेशमी अभ्र्यावर घर्षण कमी होतं. दिवसभर घट्ट बांधलं असेल तर रात्री पुन्हा तसंच बांधून झोपू नका, बोटांच्या पेरांनी डोकं हलकं चोळून केस अर्धा तास मोकळे ठेवा.

मूळ दुखतंय हे कसं ओळखायचं

केस सोडल्यावर डोकं ठणकत असेल किंवा मुळं हात लावताच दुखत असतील तर बांधणं चुकलंय. केस ओढले गेल्याने होणाऱ्या डोकेदुखीला डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे, आणि ओढ गेल्यावर ती तासाभरात थांबते. त्यापुढची पायरी गंभीर. केसांच्या रेषेवर बारीक पुटकुळ्या, कानशिलाजवळ विरळ होणारे केस, तिथे उरलेली आखूड लव, रुंद होत चाललेला भांग. सततच्या ताणाने होणाऱ्या या केसगळतीला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. घट्ट बांधलेल्या केसांमुळे होणारी ही गळती ग्रीनलंडमधल्या लोकांमध्ये १९०७ मध्येच नोंदली गेली होती. सुरुवातीलाच ताण काढला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर मुळाच्या जागी व्रण होऊन केस कायमचे जातात. म्हणून ही लक्षणं दिसली की बांधणं सैल करून न थांबता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सोयीसाठी आठवडा असा लावता येतो: केस धुतलेल्या दिवशी वाळेपर्यंत मोकळे, मग वेणी. पुढचे दोन दिवस अंबाडा, जागा बदलून. मग एक दिवस खाली सोडलेली सैल वेणी. एखादी संध्याकाळ मोकळे. पुन्हा अंबाडा, पुन्हा धुणं. बाहेरची कामं जास्त असलेल्या आठवड्यात अंबाड्याचे दिवस वाढवा, डोकं दुखलं तर कमी करा.

कापायचे किती

कात्रीने केस वाढत नाहीत, पण फुटलेला फाटा वर चढत जातो हेही खरं. दर दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर कापले तर वर्षाला १२ सेंटिमीटर गेले. वाढ जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर, म्हणजे हातात राहिले तीन. केस नीट बांधून सांभाळत असाल तर तीन-चार महिन्यांनी अर्धा ते एक सेंटिमीटर पुरतो. मधल्या काळात उजेडात बसून वेणीतून बाहेर डोकावणारे फाटे तेवढे शोधा आणि फाट्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा. कात्री केसांसाठीचीच, धारदार हवी. कागद कापायच्या बोथट कात्रीने केस चेपून कापला जातो आणि त्याच जागी नवा फाटा फुटतो.